धुरीवरचा पांढरा ठिपका

खडकीच्या लिलावातून दोन ट्रेलर आले,
एक कापायला, एक वाचवायला.
कुठला कुठला ते इर्शादनं ठरवलं
हातोडीनं दोन्ही वाजवून:
"हा बोलतो. तो खोकतो."

दारुखान्यात आमचं दुकान, म्हणजे
जहाजाच्या पत्र्याचं छप्पर,
समोर जुने नांगर विकणारे बोहरी काका
आणि मधे रस्ता म्हणावा असा चिखल.
बोलणाऱ्याला आत घेतलं.

रंग खरवडला. हिरव्याखाली हिरवा,
त्याखाली वाळूसारखा पिवळट,
त्याखाली पुन्हा हिरवा, शेवाळलेला.
लोखंड कुठं कुठं फिरलं त्याची एवढीच नोंद.
बाकीचे कागद खडकीतच राहिले असणार.

निमकर बाई मुलुंडच्या, दातांच्या डॉक्टर,
यादी घेऊन आल्या:
खेचला की बाहेर येणारा ओटा,
साठ लिटरची टाकी, नळासकट,
वर उलगडणारा तंबू, दोघांना पुरेल असा.
"साहेब पण?"
"साहेब नाहीत. मी आणि कुत्री."
स्पितीला जायचं होतं,
रस्ता संपतो तिथून पुढे.

मनगटाएवढी जाड कडी होती जोडणीला.
ती कापून गोळ्याचा कपलर बसवला.
इर्शाद म्हणाला, "थोडी ढील राहू दे उस्ताद,
घट्ट जोडलेलं वळणावर तुटतं."
ट्रेलरबद्दलच म्हणाला,
पण त्याची बायको त्याच आठवड्यात
माहेराहून परतली होती.

मग पाटे, बेअरिंगं, ग्रीस कोपरापर्यंत.
आणि खाली, धुरीच्या मधोमध,
पुसता पुसता उजळत गेला
ताटलीएवढा पांढरा ठिपका.
त्याच्यावर लोखंडी टोपी घातलेला दिवा,
भोक फक्त खाली.
मागच्या ड्रायव्हरला ठिपका दिसावा,
आभाळाला काही दिसू नये.

एकाहत्तरात मी पाच वर्षांचा, घोडपदेवला.
खिडक्यांना काळा कागद, खळीनं चिकटवलेला.
भोंगा झाला की बाबा विडी ओंजळीत धरत
आणि ओंजळ लाल होई, आतून.
घाबरायचं विसरून मी तेच बघत बसायचो.
हा ट्रेलर तेव्हाचा नसेल.
असेलही.

तंबू गळतो का बघायला
एक रात्र वर झोपलो, इर्शादला पाइप मारायला सांगून.
गळला, एका कोपऱ्यात, नेमका कानावर.
अठ्ठावन्न वर्षांत मी कुठं कॅम्पिंगला गेलो नाही,
गेलो तो असा: दुकानाच्या अंगणात,
खाली उंदरांची धावपळ,
वर बंदरातल्या क्रेनचे लाल दिवे,
आणि भोवती इतका उजेड
की लपवायचं म्हटलं तर कुठं लपवणार.
झोप येईना. उतरलो.
जुन्या दिव्याची वायर साफ केली,
स्कूटरचा बल्ब घातला.
लागला.

बाई म्हणाल्या, "हे काय? काढून टाका,
मागे एलईडी आहेत ना."
मी म्हटलं, "काढतो."
मग पैसे मोजले, चहा आला,
रिव्हर्सला स्टिअरिंग उलटं फिरवायचं ते शिकवलं,
दोनदा त्यांनी बोहरी काकांच्या नांगराला धडक दिली.
काढायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, राहू दिलं.

निघाल्या तेव्हा पहाटेचे चार.
स्कूटरवर मागे निघालो, नट वाजतात का ऐकत.
खड्ड्याखड्ड्यातून एलईडी नुसते नाचत होते,
खाली ठिपका मात्र
चिखलाच्या पाण्यावरून सरळ जात राहिला.

ऑरेंज गेटला फ्रीवे. दुचाकीला बंदी.
पाय टेकवून थांबलो.
एलईडी चढावर इतर दिव्यांत मिसळले,
ठिपका जरा जास्त वेळ दिसला.

मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला,
"काका, हलवा की."